मुंबईला न पोचलेलं जहाज

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात, ग्रामोफोनच्या भोंग्यामागे, ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. चौकटीची काच एका कोपऱ्यात तडकलेली, मागचा पुठ्ठा ओलीने फुगलेला. मी खरं तर पितळी अडकित्ता शोधायला गेले होते. दुकानदाराने भोंगा बाजूला सरकवला आणि मागे धुराने भरलेलं आभाळ दिसलं.

समुद्र, आणि समुद्रावर दोन जहाजं. एकाची शिडं फाटलीत, भोकं पडलीत, पण ते उभं आहे. दुसऱ्याच्या तिन्ही डोलकाठ्या मोडून गेल्यात. जिथे काठ्या होत्या तिथे खुंट उरलेत, आणि दोर, फळ्या, कापड सगळं एका अंगाला पाण्यात लोंबतंय. दोघांच्या मध्ये धूर. पांढरा, पिवळसर, मधेच राखाडी. आजवर तोफांच्या लढाईची जी चित्रं पाहिली होती त्यांत धूर म्हणजे कापसाचे पुंजके असत. इथला धूर जड होता, पाण्याला टेकलेला.

चित्राखालची इंग्रजी ओळ कोणी तरी चौकटीच्या मापाला बसवताना कापली होती. अर्धवट अक्षरांतून तीन नावं लागली : जावा, कॅप्टन लँबर्ट, कॉन्स्टिट्यूशन. जावा वाचून मला वाटलं, ही इंडोनेशियाकडची लढाई असणार. डच आणि इंग्रज असतील, मसाल्यांवरून जुंपली असेल. नऊ हजार सांगितले होते, सहा हजारांना मिळालं. लोकलमध्ये ते मांडीवर उभं धरून घरी आणलं.

तडकलेली काच काढायची तर चौकट सोडवावी लागणार होती. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. मूळचे मालवणचे, नेव्हल डॉकयार्डात पस्तीस वर्षं सुतारकाम केलेले. त्यांच्या हाताला लाकूड ऐकतं. चित्र त्यांच्याकडे नेलं. त्यांनी एकेक खिळा पक्कडीने असा काढला की लाकडाला ओरखडा नाही. कागद मोकळा झाल्यावर तो त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि माझं बोट धरून चित्राच्या कडेवर फिरवलं. तिथे कागद किंचित दबलेला होता. चित्राच्या भोवती एक खोलगट चौकोन, डोळ्यांना दिसेल न दिसेल असा, पण बोटाला नक्की लागणारा.

ही तांब्याच्या पत्र्याची खूण. हे चित्र छापलं गेलं ते अ‍ॅक्वाटिंट पद्धतीने. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरायची, खालून तापवून ती चिकटवायची, मग पत्रा आम्लात बुडवायचा. राळेच्या कणांच्या मधून मधून आम्ल तांबं खातं आणि पत्र्यावर असंख्य सूक्ष्म खळगे तयार होतात. जिथे उजेड हवा तिथे आधीच वार्निश लावून झाकून टाकायचं. जिथे अंधार हवा तिथे आम्लाला जास्त वेळ खाऊ द्यायचं. मग पत्र्यावर शाई चोळायची, वरची पुसून घ्यायची, ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. खळग्यांतली शाई कागदावर येते आणि पत्र्याची कड कागदात कायमची रुतते. शेवटी कोणी तरी बसून एकेका प्रतीवर हाताने रंगाचा हात फिरवतो. दोर, परबाणं म्हणजे शिडांच्या आडव्या काठ्या, तोफांच्या खिडक्या या कोरलेल्या रेषा. धूर, पाणी, आभाळ हे सगळं राळेचं काम. भिंगातून पाहिलं तर धुरात रेषा एकही नाही, नुसते दाणे. धुराला इतकी साजेशी दुसरी छपाई नसावी.

काकांना आम्लाशी आणि राळेशी काही देणंघेणं नव्हतं. ते जहाजं बघत होते. बराच वेळ बघून म्हणाले, "आधी वारो बघ गो. वारो खंयसून येता तां कळला, काय सगळा कळता."

मग त्यांनी मला वारा दाखवला. धूर कुठल्या अंगाला ओढला जातोय, निशाण कुठे फडकतंय, लाटांची पाठ कुठे आणि पोट कुठे. ज्या जहाजाच्या काठ्या शाबूत ते वाऱ्याचा हवा तसा वापर करू शकतं. पुढे जाईल, वळेल, थांबेल. आणि काठ्या गेलेलं जहाज? "काठी गेली, काय जहाजाचो जीव गेलो. मग तो लाकडाचो ओंडको." त्यांनी लोंबणाऱ्या दोरांवर बोट ठेवलं. मोडलेली काठी नुसती पडत नाही. तिला बांधलेले शेकडो दोर तिला जहाजापासून तुटू देत नाहीत. मग ती एका अंगाला पाण्यात लोळत जहाजाला ओढत राहते, आणि तिच्यावरची शिडं नेमकी तोफांच्या तोंडावर येऊन पडतात. तोफ डागली की आपल्याच शिडाला आग.

त्या जहाजावर अगदी हेच झालं होतं, हे मला नंतर वाचायला मिळालं.

लढाई इंडोनेशियाकडची नव्हतीच. २९ डिसेंबर १८१२ ची दुपार, ब्राझीलचा किनारा, साल्वादोर बंदरापासून दूर खुला अटलांटिक. इंग्लंड आणि अमेरिकेत त्या वर्षी जूनमध्ये युद्ध सुरू झालं होतं. जावा ही ब्रिटिश फ्रिगेट म्हणजे वेगवान युद्धजहाज, तीन डोलकाठ्यांची, नावाला अडतीस तोफांची. जन्माने ती फ्रेंच. तिचं मूळ नाव रेनोमे. १८११ मध्ये मादागास्करजवळ इंग्रजांनी ती पकडली. त्याच वर्षी त्यांनी डचांचं जावा बेटही जिंकलं होतं, म्हणून तिचं नाव जावा ठेवलं. कॉन्स्टिट्यूशन ही अमेरिकन फ्रिगेट, १७९७ मध्ये बॉस्टनला पाण्यात सोडलेली, नावाला चव्वेचाळीस तोफांची. तिच्या मुख्य तोफा चोवीस पौंडी गोळे फेकायच्या, जावाच्या अठरा पौंडी. कॉन्स्टिट्यूशनच्या कुशी लाइव्ह ओक नावाच्या अतिशय घट्ट लाकडाच्या होत्या. चारच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका ब्रिटिश फ्रिगेटशी झालेल्या लढाईत गोळे त्या कुशींवर आपटून परतले आणि खलाशांनी तिला ओल्ड आयर्नसाइड्स हे नाव दिलं. लाकडाच्या जहाजाला लोखंडी कुशीची म्हणायचं, इतकं ते लाकूड होतं.

दुपारी दोनच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. जावा चपळ होती. सुरुवातीलाच तिच्या गोळ्यांनी कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक उडवलं आणि कप्तान बेनब्रिज दोनदा जखमी झाला. चाक नसताना त्या जहाजाला वळवायचं तर खालच्या मजल्यावर माणसांनी सुकाणूचे दोर हाताने ओढायचे आणि वरचा हुकूम माणसामाणसांतून ओरडत खाली पोचवायचा. तसंच त्यांनी दुपारभर जहाज चालवलं. ही गोष्ट मी काकांना वाचून दाखवली तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकून बसले. त्यांच्या आयुष्यात जहाज म्हणजे हुकूम आणि त्या हुकुमामागे लागलेले हात.

जावाच्या नशिबात मात्र एकेक काठी जायची होती. आधी नाळेपुढची, म्हणजे जहाजाच्या नाकापुढची आडवी काठी मोडली, मग पुढची डोलकाठी, मधल्या काठीचा वरचा भाग, मग मागची काठी. कॅप्टन लँबर्टने शत्रूच्या जहाजावर चढून हातघाईची लढाई करायचं ठरवलं, पण जवळ जाता जाता दोरांत दोर अडकले. काठीवरच्या मचाणात बसलेल्या अमेरिकन बंदूकवाल्याची गोळी लँबर्टच्या छातीत लागली. काही दिवसांनी तो साल्वादोरला वारला. त्याच्यामागे लेफ्टनंट चॅड्सने हुकूम हाती घेतला आणि साडेपाचच्या सुमारास, जहाजावर उभं असं काही उरलं नाही तेव्हा, निशाण उतरवलं. ब्रिटिशांनी आपले बावीस ठार झाल्याचं कळवलं, अमेरिकनांनी त्यांचे साठ मोजले. बंदरापर्यंत ओढून नेण्याजोगं जहाज राहिलं नव्हतं. कैदी आणि जखमी उतरवून घेतले, जावाचं सुकाणूचं चाक काढून कॉन्स्टिट्यूशनला बसवलं आणि जावाला आग लावली.

माझ्याकडचं चित्र हा निशाण उतरण्याच्या अलीकडचा क्षण आहे. ते चार चित्रांच्या संचातलं आहे. निकोलस पोकॉक या चित्रकाराने ती रंगवली, लंडनच्या हॅवेल घराण्यातल्या कारागिरांनी तांब्यावर उतरवली आणि १८१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पोकॉक तरुणपणी ब्रिस्टलहून व्यापारी जहाजं घेऊन जाणारा कप्तान होता. म्हणून त्याच्या चित्रात वारा चुकत नाही, हे काकांनी न सांगताच ओळखलं होतं. ही लढाई मात्र त्याने पाहिलेली नव्हती. त्याच्यासमोर कच्चं रेखाटन होतं, जावावरच्याच बुकॅनन नावाच्या लेफ्टनंटने केलेलं. म्हणजे हरलेल्या माणसाने आपल्या हारीचं चित्र काढून ठेवलं, ते नामांकित चित्रकाराकडून रंगवून घेतलं गेलं, आणि लंडनमध्ये लोकांनी विकत घेऊन दिवाणखान्यात लावलं. चित्राखाली वेळसुद्धा घातली, किती वाजून किती मिनिटांनी काय स्थिती होती ती. यावर मी पुढे परत येणार आहे, कारण ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

पण आधी जावा कुठे निघाली होती ते.

ती मुंबईला निघाली होती. नोव्हेंबर १८१२ मध्ये इंग्लंड सोडलं, आणि मुंबईला यायचं म्हणून ती ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ गेली. नकाशावर हे विचित्र वाटतं. पण शिडाच्या जहाजाला सरळ रस्ता नसतो, वाऱ्याचा रस्ता असतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली यायला वारा साथ देत नाही. म्हणून अटलांटिक पश्चिमेकडे ओलांडायचा, ब्राझीलच्या बाजूने दक्षिणेला उतरायचं आणि तिथून पश्चिमेचे वारे धरून आफ्रिकेच्या दक्षिणेच्या केपला वळसा घालायचा. वाटेत साल्वादोरला पाणी भरून घ्यायचं. जावा पाण्यासाठीच त्या बंदराकडे वळली होती.

तिच्या पोटात तांबं होतं. मुंबईच्या गोदीत कॉर्नवॉलिस नावाचं मोठं युद्धजहाज बांधलं जात होतं, त्याच्या बुडाला ठोकायचे तांब्याचे पत्रे. लाकूड पोखरणारे समुद्री किडे लाकडी जहाजाचं बूड चाळणीसारखं करून टाकतात. तांब्याच्या पत्र्याला ते शिवत नाहीत, शेवाळ आणि शिंपलेही कमी धरतात. आपल्याकडे गलबतांच्या बुडाला चुना आणि तेलाचा लेप देत. काकांच्या आजोबांनी हे काम केलं होतं, आणि तो वास काकांना अजून आठवतो. चित्र हातात धरून मी कितीदा तरी या तांब्याचा विचार केला आहे. मुंबईकडे येणारं तांबं समुद्राच्या तळाला गेलं, आणि ते कसं गेलं याचं चित्र लंडनमध्ये दुसऱ्या तांब्यावर कोरलं गेलं, ते फिरत फिरत मटण स्ट्रीटला आलं. गोदीपासून मटण स्ट्रीट चालत जाण्याइतकी जवळ आहे.

तांब्याखेरीज कागदही होते. ब्रिटिश नौदलाने मुंबईला एक नवी फ्रिगेट बांधायला सांगितली होती, तिचे आराखडे. युरोपातल्या युद्धांनी इंग्लंडचे ओक कापून काढले होते आणि मुंबईत मलबारचं सागवान होतं. शिवाय वाडिया होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या गोदीचा मुख्य सुतार त्याच घरातला. १८१२ मध्ये हा मान जमशेटजी बोमनजींकडे होता. आराखडे जावाबरोबर बुडाले. दुसरा संच पाठवावा लागला आणि १८१६ च्या उन्हाळ्यात जहाजाचा कणा घातला गेला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. नाव त्रिंकोमाली. ते आजही तरंगतंय, इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे. तरंगत्या ब्रिटिश युद्धजहाजांत ते सर्वांत जुनं. आणि ज्या कॉन्स्टिट्यूशनने त्याचे पहिले आराखडे बुडवले तीही बॉस्टनमध्ये तरंगते आहे. कॉर्नवॉलिसला जावाचं तांबं मिळालं नाही, तरी ते मे १८१३ मध्ये पाण्यात उतरलं, आणि १८४२ मध्ये चीनने हाँगकाँग देऊन टाकल्याचा नानकिंगचा तह त्याच जहाजावर झाला. सागवान किती टिकतं हे मी काकांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, उठून आपल्या पाटाच्या फळीवर हाताची मूठ आपटून दाखवली.

इथवर मी हे सगळं आनंदाने वाचत होते. मुंबईचा धागा सापडला, वाडिया सापडले, लेख लिहायचाही विचार मनात आला होता. मग एका रात्री जावावरच्या प्रवाशांची नावं वाचली. प्रवाशांत सगळ्यांत मोठा हुद्दा असलेला माणूस मुंबईत लष्करी पदावर रुजू व्हायला निघाला होता. लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायले.

माझं आजोळ थाळनेर. धुळे जिल्हा, शिरपूर तालुका, तापीच्या उत्तर काठावर. चौदाव्या शतकात फारुकी राजांनी तिथे ठाण मांडलं होतं, त्यांच्या दगडी कबरी अजून गावात आहेत. नदीला लागून किल्ल्याचा उंचवटा आहे, त्यावर मातीत बुडालेल्या भिंती आणि पडके बुरूज. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिथे खेळायचो. आजी संध्याकाळी आम्हाला हाका मारत यायची आणि एका ठरावीक जागेपुढे कोणाला जाऊ द्यायची नाही. म्हणायची, "आठे जाऊ नका. त्याले आठे फाशी दिधी."

त्याला म्हणजे तुळशीराम मामाला. लहानपणी मला तो आमच्याच घरातला कोणी मामा वाटायचा, आईचा चुलतभाऊ वगैरे. आजी त्याच्याबद्दल बोलायचीही तशीच, घरच्या माणसाबद्दल बोलावं तशी. तो होळकरांचा किल्लेदार होता हे मला पाचवीत कळलं. आणि फाशी देणाऱ्याचं नाव माझ्या सख्ख्या मामांनी सांगितलं होतं : हिस्लॉपसाहेब.

ब्राझीलच्या समुद्रात पकडला गेलेला हाच तो हिस्लॉप. अमेरिकनांनी त्याला आणि बाकीच्या अधिकाऱ्यांना साल्वादोरला नेलं, सन्मानाने वागवलं आणि शब्दावर सोडून दिलं. युद्धकैद्याने परत या युद्धात शस्त्र धरणार नाही असा शब्द द्यायचा आणि मोकळं व्हायचं, अशी त्या काळची युरोपियन सैन्यांची रीत होती. चॅड्सने आपल्या सरकारला लिहिलेल्या पत्रात शत्रूच्या या उदारपणाबद्दल जाहीर आभार मानले आहेत. हिस्लॉप मोकळा झाला, आणि काही काळाने मद्रासच्या फौजेचा सरसेनापती होऊन हिंदुस्थानात आला.

पुढचं साल १८१७. त्रिंकोमाली मुंबईत पाण्यात उतरली त्यानंतर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, पुण्यात खडकीची लढाई झाली. २१ डिसेंबरला महिदपूरला क्षिप्रेच्या काठी हिस्लॉपच्या फौजेने होळकरांचा पाडाव केला. होळकरांच्या गादीवर अकरा वर्षांचा मल्हारराव होता. त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा आदल्याच दिवशी त्यांच्याच सरदारांनी नदीकाठी खून केला होता. तरी होळकरांच्या तोफांनी इंग्रजी पलटणींना त्या दिवशी भाजून काढलं. जानेवारीत मंदसोरला तह झाला. सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख, म्हणजे खानदेश, होळकरांनी सोडला. कागदावर सुटलेला हा मुलूख ताब्यात घेत हिस्लॉप दक्षिणेकडे तापीच्या दिशेने निघाला आणि २७ फेब्रुवारी १८१८ ला थाळनेरसमोर आला.

गढीत अडीच-तीनशे माणसं होती. किल्लेदाराला निरोप गेला की तहाने किल्ला आता आमचा, सोडला नाहीस तर तू बंडखोर. उत्तर आलं नाही. तोफा लागल्या. दिवस कलता कलता पहिले दरवाजे उघडत गेले आणि तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. आत शेवटचा दरवाजा बंद होता, त्यातली दिंडी, म्हणजे माणसापुरतं छोटं दार, उघडली. दिंडीतून काही इंग्रज अधिकारी आणि मूठभर शिपाई आत गेले. आत काय बोलणं झालं, कोणाची भाषा कोणाला कळली, हे सांगायला आतलं कोणी उरलं नाही. झटापट झाली, दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर गढीतली सगळी माणसं कापून काढली. आणि त्याच संध्याकाळी हिस्लॉपच्या हुकमाने तुळशीराम मामाला फाशी दिली. तो तर आधीच बाहेर येऊन त्यांच्या ताब्यात होता. या फाशीवर लंडनच्या पार्लमेंटमध्येही प्रश्न उठले. महिदपूरच्या विजयासाठी हिस्लॉपचे आभार मानायचे तर त्यात थाळनेर धरायचं नाही, इथपर्यंत चर्चा झाली.

हे मी लिहिते आहे ते इंग्रजी कागदांवरून. दुसरे कागद मला मिळाले नाहीत. आणि म्हणून मी मघाच्या गोष्टीवर परत येते.

जावाच्या हारीची चार चित्रं आहेत. तिच्यावरच्या लेफ्टनंटने जिवंत राहून रेखाटन केलं. कोणती काठी कधी पडली त्याचा हिशेब आहे. कप्तान कोणत्या गोळीने गेला ते माहीत आहे. मेलेल्यांची संख्या दोन्ही बाजूंनी मोजली आणि त्यावर वाद घातला. तीन तासांहून जास्त चाललेल्या त्या दुपारचं एकेक मिनिट जपून ठेवलंय, आणि ते जपणारे हरलेले लोक आहेत. मला याबद्दल त्यांचा आदरच वाटतो. हरल्यावर चित्र काढायला बसणं सोपं नाही.

थाळनेरच्या त्या दुपारचं चित्र नाही. दिंडी उघडली तेव्हा आत किती लोक उभे होते, त्यांत कोणाची मुलं होती का, तुळशीराम मामाने बाहेर येताना डोक्याला काय बांधलं होतं, तो उंच होता की ठेंगणा, यांतलं काहीही कुठे नाही. गढीत रेखाटन करणारा कोणी होता की नाही, याचाही आता पत्ता लागणार नाही, कारण असलाच तर तोही त्या अडीच-तीनशेंत गेला. उरली ती आजीची हाक. दीडशे वर्षांनंतर तिन्हीसांजेला पोरांना एका जागेपासून मागे ओढणारी. मला आता वाटतं, तिच्या आजीने तिलाही तसंच ओढलं असणार, आणि ती जागा बरोबर असो वा नसो, आमच्याकडे जे काही आहे ते हे आहे. चित्र विकत घेतलं तेव्हापासून मला त्या हाकेची किंमत जास्त कळू लागली आहे. ती जपायला तांबं लागलं नाही, कागद लागला नाही. पण जपणारी माणसं संपली की ती संपेल, आणि माझी मुलं थाळनेरला कधी राहिलेली नाहीत. म्हणून मी त्यांना ती अहिराणी ओळ पाठ करायला लावली आहे. धाकटीने विचारलं, कशासाठी. मी तिला तापीचा घाट, गढी, दिंडी, सगळं कागदावर काढून दाखवलं. मला चित्र येत नाही. पण गढी नदीच्या कुठल्या बाजूला आणि दरवाजे कुठे, एवढं तरी त्यात बरोबर असावं म्हणून मी तीनदा खोडून काढलं.

काकांनी चित्राला नवी सागवानी चौकट केली. जुन्या दाराच्या फळीतून, खिळ्याविना, नुसत्या खाचा बसवून. कडेचा दबलेला चौकोन झाकला जाऊ नये म्हणून त्यांनी चौकट मुद्दाम थोडी मोठी धरली. आता ते आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. दुपारी चारनंतर खिडकीतून ऊन तिरकं येतं तेव्हा तो चौकोन दिसतो, आणि धूर क्षणभर खरोखरच कागदावरून उठल्यासारखा वाटतो.

दिवाळीत थाळनेरला गेले. मामा आता ब्याऐंशीचे आहेत, पडवीत खाटेवर बसून असतात. त्यांना फोनवर चित्र दाखवलं, दोन बोटांनी मोठं करून. हे इंग्रजांचं जहाज, हे अमेरिकेचं, ही लढाई आपल्या गढीच्या आधी पाच वर्षं. आणि या जहाजावर हिस्लॉप होता.

मामांनी चष्मा वर केला, खाली केला. फोन डोळ्यांजवळ नेला. "कोठे शे तो?"

माणसं चित्रात मुंग्यांएवढी आहेत. मी जहाजाच्या मागच्या भागावर बोट ठेवलं, प्रवासी अधिकाऱ्यांच्या खोल्या तिथे असत. म्हटलं, इथे कुठे तरी असेल. मामा त्या जागेकडे बघत राहिले. मोडक्या काठ्यांकडे बघितलं, लोंबणाऱ्या दोरांकडे बघितलं.

"जहाज तं डुबनं. मंग तो आठे कसा उना?"

मी सांगितलं. जहाज हरलं, त्यांनी निशाण उतरवलं, स्वाधीन झाले. मग अमेरिकनांनी त्याला बंदरावर नेलं आणि शब्दावर सोडून दिलं.

"शब्दवर सोडं त्याले?"

"हो मामा."

मामांनी फोन माझ्या हातात दिला. पडवीतून गढीचा उंचवटा दिसतो. त्याच्याकडे तोंड करून ते बसले होते, आणि आतून मामींनी चहा आणून ठेवला तरी त्यांनी मान वळवली नाही.